आभाळ ऐकायला डोंगराच्या पोटात

जपानमध्ये तोयामा शहरातून दक्षिणेला हिदाच्या डोंगरांत शिरलं, की कामिओका नावाचं लहानसं गाव लागतं. नदीकाठचं, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं, पिढ्यान्‌पिढ्या जस्ताच्या आणि शिशाच्या खाणीवर जगलेलं. तिथे रस्त्यालगत वाहनांसाठी एक थांबा आहे, जपानभर असतात तसाच. स्वच्छतागृह, खाण्याची सोय, थोडी खरेदी. फरक एवढाच की या थांब्याच्या आवारात २०१९ पासून एक विज्ञान संग्रहालय आहे, आणि त्याला तिकीट नाही. कामिओका लॅब हे त्याचं नाव. समोरच्या डोंगरात, खोल खडकाखाली, जगातल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी दोन यंत्रं बसवलेली आहेत आणि ती काय करतात हे इथे माणसाला नीट समजावून सांगतात.

दुर्बिणी डोंगराच्या माथ्यावर बांधतात हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मग आभाळातल्या गोष्टी पाहायला काही लोक डोंगराच्या खाली का जातात?

त्यासाठी आधी हाताचा तळवा आभाळाकडे करून धरा. दर सेकंदाला साधारण एक म्युऑन नावाचा कण त्यातून आरपार जातो आहे. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्या धडकेतून हे म्युऑन निघतात. छप्पर, स्लॅब, आपलं शरीर यांतलं काहीच त्यांना अडवत नाही. दिवसरात्र चाललेला हा पाऊस आहे आणि आपल्याला त्याचा काहीच त्रास नाही. पण न्यूट्रिनो शोधणाऱ्या माणसाला तो फार मोठा त्रास आहे.

न्यूट्रिनो हाही कणच, पण त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळपास नाहीच आणि दुसऱ्या कशाशी संबंध ठेवायची त्याची तयारीही नसल्यासारखी. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना ते निघतात आणि सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे ६५०० कोटी सौर न्यूट्रिनो जातात. दिवसा डोक्यावरून येतात. रात्री सूर्य पायाखालच्या बाजूला असतो तेव्हा अख्खी पृथ्वी ओलांडून तळव्यांतून वर येतात. त्यांतला एखादाच, फार क्वचित, कुठल्या तरी अणूला धडकतो. ती एक धडक आपल्याला टिपायची आहे. जमिनीवर बसून ती टिपणं म्हणजे ताशाच्या गजरात वरात चालली असताना पलीकडच्या गच्चीवर कुणी काय कुजबुजलं ते ऐकणं. वरात थांबवता येत नाही, म्हणून आपणच दार लावून आत जायचं. ते दार म्हणजे एक किलोमीटर जाडीचा खडक. एवढ्या खडकातून म्युऑन गाळले जाऊन जमिनीवरच्या साधारण एक लाखांश उरतात. न्यूट्रिनोला खडक म्हणजे काहीच नाही, तो तसाच आत येतो.

या जागांना वेधशाळा म्हणतात खरं, पण तिथे मुळात बांधलेली असते ती शांतता. ती कशी मिळवली, हे पाहायला शिकलो तर अशी कुठलीही जागा उलगडते. नाहीतर आत जाऊन लोखंडी जिने आणि वायरींखेरीज काही दिसत नाही.

कामिओकातल्या मोठ्या यंत्राचं नाव सुपर-कामिओकांडे. इथे पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, उतरावं लागत नाही. डोंगराच्या कुशीतून आडवा बोगदा आहे, सुमारे दोन किलोमीटर गाडीनेच आत जायचं. उन्हाळा असो की बर्फ, आत बाराही महिने सारखाच गारवा. खडकातून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू झिरपत असतो आणि त्यानेही खोट्या नोंदी होतात, म्हणून आतल्या भिंतींना लेप दिलेला आहे आणि श्वास घ्यायची हवा बाहेरून आणून सोडलेली आहे. शेवटी आपण एका पोलादी फरशीवर उभे राहतो. आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या खोल्या, केबलचे जुडगे. पायाखाली ३९ मीटर व्यासाची आणि ४१ मीटर खोल टाकी, तेरा मजली इमारत उभी मावेल एवढी, आणि तिच्यात ५० हजार टन पाणी. ते दिसत नाही. दिसता कामाच नये, कारण आत पूर्ण अंधार असावा लागतो.

त्या अंधारात, टाकीच्या भिंतींवर, तळाला आणि छताला मिळून ११ हजारांहून जास्त काचेचे डोळे आत रोखून आहेत. फोटोमल्टिप्लायर ट्यूब. संग्रहालयात यातली एक हाताच्या अंतरावरून पाहायला मिळते आणि ती पाहताना घाई करू नये. अर्धा मीटर व्यासाचा फुगीर काचेचा गोळा, मागे निमुळती मान. आतल्या बाजूला धातूचा इतका पातळ मुलामा असतो की कोन बदलला की काच सोनेरी-तांबूस चमकते. या मुलाम्यावर प्रकाशाचा एक कण पडला तर एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो पुढच्या पट्टीवर आदळून आणखी काही सोडतो, ते पुढच्या पट्टीवर, असं करत मानेपर्यंत पोचताना त्या एकाचे कोटीभर होतात आणि मोजता येईल असा विजेचा ठोका मिळतो. पलीकडून पेटलेली काडी दिसण्याची ही गोष्ट नाही. प्रकाशाचा एक, अक्षरशः एक, कण ओळखण्याची आहे.

पण न्यूट्रिनोच्या धडकेतून प्रकाश येतो कुठून? पाण्यात प्रकाश मंदावतो. पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो. न्यूट्रिनोच्या धक्क्याने सुटलेला इलेक्ट्रॉन मात्र त्याहून वेगाने पळू शकतो. होडी पाण्यावरच्या लाटांपेक्षा वेगात निघाली की तिच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना पाचरीसारखी लाट फाकते, तशी या इलेक्ट्रॉनच्या मागे फिकट निळ्या प्रकाशाची शंकूसारखी लाट तयार होते. चेरेंकोव्ह प्रकाश तो हाच. शंकू भिंतीवर पोचला की वर्तुळ उमटतं. कडा विस्कटलेली असेल तर इलेक्ट्रॉन, रेखीव असेल तर म्युऑन. वर्तुळ कुठे उमटलं आणि कोणत्या डोळ्याला प्रकाश किती लवकर मिळाला, यावरून न्यूट्रिनो कुठून आला हेही निघतं. एवढा सगळा खटाटोप करून दिवसाला साधारण ३० न्यूट्रिनो हाती लागतात. म्हणून पाणी सतत गाळावं लागतं. पाण्यात कचऱ्याचा कण असला तर तो फिकट प्रकाश भिंतीपर्यंत पोचायच्या आत विरून जाईल.

हे डोळे किती नाजूक आहेत ते १२ नोव्हेंबर २००१ ला कळलं. दुरुस्तीनंतर टाकीत पुन्हा पाणी भरत असताना एक ट्यूब आतल्या आत फुटली. आत निर्वात पोकळी, बाहेर पाण्याचा दाब. तिच्या धक्क्याच्या लाटेने शेजारच्या फुटल्या, त्यांच्या लाटेने पुढच्या, आणि काही क्षणांत ६ हजारांहून जास्त ट्यूबचा चुरा झाला. माणसांनी उरलेल्या ट्यूब पुन्हा मांडल्या, प्रत्येकीला ॲक्रिलिकचं कवच घातलं, वर्षभरात यंत्र अर्ध्या डोळ्यांनी चालू केलं आणि २००६ मध्ये पुन्हा पूर्ण केलं. संग्रहालयात कवच चढवलेली ट्यूब दिसली, तर ते कवच कशामुळे आलं हे आठवावं.

या डोंगराने आधी एक लहान यंत्र पाहिलं होतं. १९८३ चं कामिओकांडे, ३ हजार टन पाण्याचं. ते बांधलं होतं प्रोटॉन कधी तरी आपणहून विघटित होतो का हे पाहायला. प्रोटॉन काही विघटित होताना दिसला नाही. मासातोशी कोशिबा यांच्या गटाने मग यंत्र सुधारून सौर न्यूट्रिनो टिपता येतील असं केलं, आणि सुधारलेलं यंत्र १९८७ च्या जानेवारीत नोंदी घेऊ लागलं. २३ फेब्रुवारीला, सुमारे १३ सेकंदांच्या अवधीत, त्यात ११ न्यूट्रिनोंची नोंद झाली. १ लाख ६० हजारांहून जास्त प्रकाशवर्षं दूर, मोठ्या मॅगेलनी मेघात, एक तारा कोसळला होता. त्याच सुमारास अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या यंत्रांनीही थोडे टिपले. ताऱ्याचा प्रकाश तासांनी उशिरा आला, कारण तो ताऱ्याच्या वरच्या थरांतून वाट काढत निघतो, न्यूट्रिनो थेट सुटतात. कोशिबा पुढच्याच महिन्यात विद्यापीठातून निवृत्त व्हायचे होते. २००२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अकरा कणांवर एवढं मोठं काम उभं राहिलं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत हलवून टाकणारं वाटतं.

दुसरी मोठी गोष्ट १९९८ ची. विश्वकिरणांमुळे वातावरणातही न्यूट्रिनो तयार होतात, जगभर सारखेच. आपल्या डोक्यावर बनलेले पंधरा-वीस किलोमीटर प्रवास करून टाकीत येतात. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला बनलेले जवळपास १३ हजार किलोमीटर ओलांडून खालून येतात. पृथ्वी त्यांना अडवत नाही, म्हणजे दोन्हीकडून सारखेच यायला हवेत. पण न्यूट्रिनोच्या तीन जाती आहेत, आणि त्यांतले म्युऑन जातीचे खालून जवळपास निम्मेच आले. उरलेले हरवले नव्हते, वाटेत त्यांची जात बदलली होती. टोलनाक्यावर बसून आपण फक्त लाल गाड्या मोजतोय आणि गाड्या वाटेत रंग बदलतायत, असं समजा. लांबून येणाऱ्यांत लाल कमी भरणार. आता वस्तुमान नसलेली वस्तू प्रकाशाच्या वेगाने जाते आणि तिच्यासाठी वेळ पुढे सरकतच नाही. वेळच नाही तर बदलायचं कधी? ज्या अर्थी न्यूट्रिनो बदलतो, त्या अर्थी त्याला वस्तुमान आहे. ताकाआकी काजिता यांना यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. सोबत होते कॅनडाचे आर्थर मॅकडोनाल्ड.

मॅकडोनाल्ड यांची जागा ओंटारिओत, सडबरीजवळच्या क्रेटन निकेल खाणीत, दोन किलोमीटर खोल. इथे खाणकामगारांच्याच पाळण्यातून उतरायचं, खाणीच्या बोगद्यातून दीडेक किलोमीटर चालायचं आणि प्रयोगशाळेच्या दारात अंगावरचे कपडे काढून, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आत जायचं. बाहेर चालू खाण, आत धुळीचा कण नाही. तिथल्या पहिल्या यंत्रात कॅनडाच्या अणुऊर्जा संस्थेकडून उसनं आणलेलं एक हजार टन जड पाणी होतं, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड प्रकारचा असतो असं पाणी. जड पाण्यामुळे तिन्ही जातींचे न्यूट्रिनो मोजता आले आणि सूर्याकडून जितके यायला हवेत तितकेच येतात, ही बेरीज बरोबर जुळली.

सामान्य पाहुण्याला आत जायला त्या मानाने सोपी जागा म्हणजे इटलीतली ग्रान सासो. रोमहून पूर्वेला जाणारा महामार्ग अपेनाइन डोंगररांगेखालून सुमारे दहा किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. या बोगद्यातच मध्ये एक फाटा फुटतो, मोठं दार उघडतं आणि गाडी प्रयोगशाळेत शिरते. डोक्यावर १४०० मीटर डोंगर. तीन प्रचंड दालनं, प्रत्येक सुमारे शंभर मीटर लांब. गटांना आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबत आत नेतात. इथे एक शोध कृष्णद्रव्याचा चालतो, म्हणजे दीर्घिकांना धरून ठेवणारं पण न दिसणारं जे काही आहे त्याचा. त्यासाठी एका पिंपात ८ टनांहून जास्त द्रवरूप झेनॉन भरून एखादा अनोळखी धक्का बसतो का याची वाट पाहतात. त्या कणाची सर्वमान्य नोंद अजून झालेली नाही.

ग्रान सासोतली माझी आवडती वस्तू मात्र शिसं आहे. किरणोत्सार अडवायला शिशाची भिंत लावतात. पण खाणीतून नव्याने काढलेल्या शिशातच शिसं-२१० नावाचा किरणोत्सारी प्रकार थोडा असतो. दर २२ वर्षांनी तो निम्मा होतो. म्हणजे शिसं जितकं जुनं तितकं शांत. सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं एक रोमन जहाज सापडलं, शिशाच्या लगडींनी भरलेलं. पाणबुड्यांनी त्या लगडी वर काढल्या. त्यांवर रोमन कारखानदारांची नावं कोरलेली होती, तो भाग कापून पुरातत्त्वाच्या लोकांनी जपला आणि उरलेलं शिसं वितळवून क्वोरे नावाच्या प्रयोगाभोवती लावलं. दोन हजार वर्षं समुद्रतळाशी पडून त्या शिशातला किरणोत्सार विझला होता. शांतता अशीही मिळवतात.

आता आपल्याकडचं सांगतो, आणि ते मोठ्या आवाजात सांगायला हवं. वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा ज्या दोन ठिकाणी टिपला गेला, त्यांतलं एक कर्नाटकात आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभांच्या काळात, १९५१ पासून, तिथे खोल उतरून विश्वकिरण मोजायला सुरुवात केली. बी. व्ही. श्रीकंतन तेव्हा तरुण होते. एकेक टप्पा खाली जाताना म्युऑन कमी होत गेले आणि सर्वांत खोल जागी यंत्राने दोन महिने एकही नोंद केली नाही. दुसऱ्या कुणाला ते अपयश वाटलं असतं. इथल्यांना त्यात जागा दिसली. एवढी शांतता असेल तर इथे न्यूट्रिनो ऐकू येईल. मग टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २३०० मीटर खोलीवर यंत्रं लावली. युक्ती साधी होती. उरलासुरला म्युऑन वरून येणार, न्यूट्रिनोच्या धडकेतून बनलेला कुठूनही येऊ शकतो. म्हणून संवेदक भिंतीसारखे उभे केले आणि आडव्या येणाऱ्या कणांवर नजर ठेवली. १९६५ मध्ये ते मिळाले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही त्याच वर्षी मिळाले. दोन्ही शोधनिबंध त्या ऑगस्टमध्ये काही दिवसांच्या अंतराने आले, कोलारचा आधी.

प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, खाण २००१ मध्ये बंद झाली आणि खालचे बोगदे पाण्याने भरले. आज बंगळूरहून शंभरेक किलोमीटरवर गेलात तर राखाडी मातीचे, खाणीच्या गाळाचे डोंगर दिसतात. खाली जाता येत नाही. जपानने थांब्याच्या आवारात संग्रहालय बांधलं. कोलारला निदान तसं एक दालन हवं, असं मला मनापासून वाटतं. १९६५ ची गोष्ट तिथल्या मुलांना तिथेच उभं राहून कळायला हवी. तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात नवी न्यूट्रिनो वेधशाळा करायचं ठरलं होतं, ते पश्चिम घाटाविषयीच्या आक्षेपांत आणि स्थानिक विरोधात अडकलं. लोकांचे प्रश्न मला अवाजवी वाटत नाहीत. कामिओकाच्या खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत उतरून खालच्या खोऱ्यातल्या माणसांची हाडं ठिसूळ झाली होती. त्या रोगाचं नावच ‘दुखतंय, दुखतंय’ असं आहे, इताई-इताई. त्यात वेधशाळेचा काही संबंध नाही, ते खाणीचं पाप. पण डोंगराला हात लावणाऱ्यावर लोक लगेच विश्वास ठेवत नाहीत, ते अशाच आठवणींमुळे.

कामिओकातलं दुसरं यंत्र वेगळ्या जातीचं. काग्रा. ते कण नाही, लहर पकडतं. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं-आवळलं जातं आणि ती थरथर प्रकाशाच्या वेगाने पसरते. ही गुरुत्वीय लहर. पृथ्वीवर पोचेपर्यंत ती इतकी क्षीण असते की किलोमीटरभर अंतरात पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान. तो मोजायला काटकोनात दोन लांब नळ्या बांधतात, लेझरचा झोत दुभंगून दोन्हींत पाठवतात आणि टोकाच्या आरशांवरून परतलेले झोत एकमेकांशी पडताळतात. काग्राच्या नळ्या तीन-तीन किलोमीटरच्या. आरसे कृत्रिम नीलमाचे, रंगहीन, पाण्यासारखे स्वच्छ आणि उणे २५० अंशांच्याही खाली थंड करायचे, म्हणजे आरशातल्या अणूंची स्वतःची थरथर मंदावते.

इथे जमिनीखाली जायचं कारण म्युऑन नाही. वारा, रहदारी, किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, या सगळ्यांनी जमीन अहोरात्र हलत असते आणि खोल खडकात ती कमी हलते. पण डोंगराच्या आत डोंगराचं पाणी असतं. बर्फ वितळला की बोगद्यात ते झिरपतं, म्हणून बोगद्यांना ३०० मीटरला एक मीटर असा उतार दिला आहे. आणि भूकंपापुढे डोंगरही काय करणार? १ जानेवारी २०२४ च्या नोतो द्वीपकल्पातल्या धक्क्याने काग्राचं नुकसान झालं आणि महिनोन्‌महिने दुरुस्ती करावी लागली.

ही यंत्रं पाहायची असतील तर थोडी आखणी लागते. सुपर-कामिओकांडे रोज उघडं नसतं. हिदा शहर उन्हाळ्यात खाणीची सफर ठेवतं, त्यात मर्यादित लोकांना आत जाता येतं, एरवी संग्रहालय. काग्रासारख्याच, पण जमिनीवरच्या लायगो या वेधशाळेच्या दोन केंद्रांत, अमेरिकेत हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला, सर्वांसाठी ठरावीक दिवशी मार्गदर्शित फेरी असते. गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली ती इथेच, १४ सप्टेंबर २०१५ ला.

त्या कुटुंबातलं तिसरं घर आपल्याकडे येतं आहे, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लहरींच्या गोंगाटातून खरा संकेत कसा वेचायचा, याचं पायाभूत गणित करणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतले संजीव धुरंधर आहेत. यंत्र जमिनीवरच असेल, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं. सपाट माळ, समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, म्हणून इथली जमीन शांत. इतकं दूर यंत्र हवं, कारण लहर एका यंत्रावर आधी आणि दुसऱ्यावर काही सहस्रांश सेकंद नंतर पोचते. यंत्रं जितकी एकमेकांपासून दूर आणि जास्त, तितकं ती लहर आभाळात कुठून आली हे नेमकं सांगता येतं.

उद्या ते चालू झालं की शेतातला ट्रॅक्टर, दूरच्या रस्त्यावरचा ट्रक, महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीची पावलं, यांतला जो कंप तिथवर पोचेल तो त्या आरशांना जाणवू शकेल. शास्त्रज्ञांना तो आधी ओळखून बाजूला काढावा लागेल. म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांइतकाच औंढ्याचा पंचांगातला दिवसही त्यांना पाठ असावा लागेल.